रानरताळ्याची शेवटची वेल

मी, रताळे संशोधन केंद्रातली निवृत्त परागीकरण सहायक, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तशी खात्री करून घेतली आहे.

१. दोन खोल्यांचं घर आणि बँकेतली शिल्लक भाचीला. तिच्या आईशी, म्हणजे माझ्या धाकटीशी, मी अकरा वर्षं बोलले नाही. पोरीने मात्र येणं सोडलं नाही. मोरीचा नळ गळतो, तो आधी दुरुस्त करावा.

२. माझा चिमटा आणि भिंग केंद्राला देऊ नये. भंगारात घालतील.

३. गॅलरीतली रानरताळ्याची वेल. धाकटी आणि मी केंद्रात एकत्र होतो, तेव्हा एका टेकडीवरून अशा दोन वेली आणल्या. एक तिने ठेवली, एक मी. पुढे टेकडी खाणीत गेली. या वेलीचं फूल स्वतःचे परागकण घेत नाही, दुसऱ्या वेलीचेच लागतात. साध्या रताळ्याचे लावून पाहिले, बी धरलं नाही.

या वेलींवर आम्ही दोघींनी केलेल्या कामाच्या अहवालावर धाकटीने एकटीचंच नाव घातलं. मी बोलणं टाकलं. त्याच हिवाळ्यात ती डब्यात ओल्या कापसावर फुलं घेऊन आली. "ताई, दुपारपर्यंत मिटतील गं. दार उघड." तिची पावलं जिना उतरेपर्यंत मी आतून कडी धरून उभी होते.

यंदा वेलीचं खोड कुजलंय. माझंही काही खरं नाही. काल मीच फोन केला. "फुलं आण. हात जोडते तुला."

ती म्हणाली, "माझी वेल दोन वर्षांपूर्वीच गेली, ताई. कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

आज सकाळी सात फुलं उमलली. त्यांचेच परागकण त्यांना लावले. काही होणार नाही हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? तरी सातही फुलांना लावले.

४. शेंड्याच्या पाच डहाळ्या धड आहेत. त्या धाकटीला. तिरप्या लावाव्यात, दोन डोळे मातीखाली. बी धरणार नाही, वेल तेवढी जगेल.

५. धाकटीने मला माफ करावं, असं कलम कायद्यात बसत नाही म्हणतात. म्हणून घातलेलं नाही.

सही : (थरथरती, पण माझीच)

साक्षीदार : १. डॉक्टरीणबाई २. वरच्या मजल्यावरचे घड्याळजी

ठिकाण : राहतं घर, गॅलरी
दिनांक : तीन नोव्हेंबर, दुपार. फुलं मिटली आहेत.