प्रिन्सेस इडलीची मोहीम

१ जानेवारी, गुरुवार
संकल्प: कादंबरी भाज्या खाणार. ती पाच वर्षांची आहे, मी छत्तीसचा. शिवाय खराडीत मी बारा इंजिनिअर सांभाळतो. सध्या माझी मुलगी भात, तूप, बटाटा आणि हट्ट एवढ्यावर जगते आहे.
आज जेवायला आलेली आई म्हणाली, बापाने कधी भाजीला हात लावला नाही, पोर कुठून लावणार. मी शांतपणे सांगितलं की मला भाज्या सोसत नाहीत, तो वेगळा विषय आहे. आणि पैज लावली. तेरा तारखेला भोगी. त्या दिवशी कादंबरी सगळ्यांसमोर भोगीची भाजी खाईल, वांग्यासकट. नाही खाल्ली तर मी खाईन. सलोनी हसली. बायकोने इतक्या लवकर हसू नये.

२ जानेवारी, सकाळी ७.१०
स्ट्रॅटेजी ठरली. भाजी दाखवायचीच नाही. किसायची, वाटायची, लपवायची. सलोनीला म्हटलं, तू फक्त बघ. ती म्हणाली, बघतेच आहे, पण घरात अन्न टाकलेलं मला चालणार नाही. मान्य केलं. टाकायची वेळच येणार नाही.

४ जानेवारी, रविवार
डायनासोर पराठा. पालक वाटून कणकेत. कादंबरीने विचारलं, ह्यात डायनासोर आहे का. नाही म्हटल्यावर विचारलं, मग काय आहे. फोन आल्याचं नाटक करून गॅलरीत गेलो. परत आलो तर ताटली रिकामी. चार दिवसांत पालक सर.

५ जानेवारी, दुपारी १.३०
डब्यात फोडणीची पोळी. कोथिंबीर अगदी सढळ हाताने. सलोनीचा हात सुधारतो आहे. तिला सांगणार नाही, डोक्यावर बसेल.

७ जानेवारी
प्रिन्सेस इडली. अर्धा किलो बीट किसलं. ओटा, भिंत, ऑफिसचा शर्ट, सगळं गुलाबी. कादंबरी रंगावर खूश. मात्र म्हणाली, बाबा समोर बसला की मला खाता येत नाही. राजकन्येला एकांत लागतो. दहा मिनिटांनी पाचही इडल्या गायब.
विचारलं, सगळ्या संपल्या ना. म्हणाली, "संपतील."
भविष्यकाळ का वापरला, कळलं नाही. व्याकरण कच्चं आहे. शाळेत बोललं पाहिजे.

८ जानेवारी, दुपारी १.३५
डब्यात फोडणीची इडली. लालभडक, पण तिखट म्हणावी तर अजिबात नाही. हल्लीच्या मिरचीपुडीत दम राहिला नाही. शेजारच्या डेस्कवरच्या सुखदेवने अर्धी मागून घेतली.

९ जानेवारी, सकाळी ६.४०
लघवी लाल.
६.५५. अजूनही लाल.
घाबरलो. खोटं कशाला लिहू. कादंबरी पाच वर्षांची आहे आणि अजून दुधी, पडवळ, घोसाळी बाकी आहेत. माझ्यामागे तिला कोण भाज्या खाऊ घालणार? सलोनीला काहीच सांगितलं नाही.
११.००. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, बीट खाल्लंत का. मी बाणेदारपणे सांगितलं की जन्मात खाल्लेलं नाही. तर म्हणाले, "घरी विचारा. त्याची फी नाही."
हा सूर मला आवडलेला नाही. डॉक्टर बदलणार. ऑफिसात कळलं की सुखदेवही हाफ डे टाकून दवाखान्यात गेलाय. साथ असावी.

१० जानेवारी
रंग पूर्ववत. माझी प्रतिकारशक्ती पहिल्यापासूनच चांगली. संध्याकाळी दुधीचे कटलेट, नाव 'चीज बॉम्ब'. कादंबरीने पुन्हा एकांत मागितला. ताटली पुन्हा रिकामी.

१२ जानेवारी
डब्यात कटलेट. उत्तम. कशाचे ते विचारायचं राहिलं.
उद्या भोगी. पालक, बीट, दुधी, तिन्ही पोटात गेले, मुलगी तयार आहे. आईला फोन करून सांगितलं, वांगी जास्त आण.

१३ जानेवारी, भोगी, दुपारी ३.००
वर्क फ्रॉम होम घेतलं होतं. आईने तीळ लावलेल्या भाकऱ्या केल्या, लोण्याचा गोळा, आणि ती भाजी. वांगी, गाजर, पावटे, मटार. मी छोटंसं भाषण केलं. कादंबरीने ते पूर्ण ऐकलं. मग खुर्चीखालून एक स्टीलचा डबा काढला, भाजीची वाटी त्यात उपडी केली, झाकण लावलं आणि डबा माझ्यापुढे सरकवला.
"हे बाबाला आवडतं," ती आजीला म्हणाली. "तो रोज ऑफिसात नेतो. सगळं संपवतो."
आईने आधी सलोनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सलोनी म्हणाली, अन्न टाकलेलं चालणार नाही हे मी दोन तारखेलाच सांगितलं होतं. पालकाचा पराठा कुस्करला, इडली परतली, कटलेट नुसते गरम केले. म्हणजे नऊ दिवस मी माझ्याच हाताने स्वतःला फसवत होतो, आणि वर चव घेत होतो. फार राग आला. कोणावर, ते ठरवता आलं नाही.
पैज ती पैज. वांगं खाल्लं. बरं होतं. इथे लिहिलं म्हणजे कबूल केलं असं होत नाही.
कादंबरी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मी गिळल्यावर तिने माझ्या ताटातला एक मटार उचलला. चावला. गिळला. तो मी किसला नव्हता, वाटला नव्हता, लपवलाही नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. फोडणी जरा कडक होती.
मोहीम फत्ते झाल्याचं मी जाहीर केलं. आईने मला आणखी एक वांगं वाढलं.

१४ जानेवारी, संक्रांत, दुपारी १.३०
डब्यात गूळपोळी असेल असं वाटलं होतं. पराठे निघाले. खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिले. आत हिरवं काहीतरी. सुखदेवने खुर्ची लांब सरकवली.
कोथिंबीर असणार. चारही खाल्ले.