वगळलेलं वाक्य

३ तारीख

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

तू इतिहास शिकवतेस, म्हणून तुलाच विचारते. राष्ट्राध्यक्षांवरचा महाभियोग बंद दाराआड चाललाय, आत ध्वनिमुद्रण यंत्रांना मनाई आहे. आम्ही लघुलेखिका दहा-दहा मिनिटांच्या पाळीने लिहितो. पाळी संपली की खाली जायचं, टाईप करायचं, सही करायची. परवा माझ्या शेवटच्या मिनिटाला राष्ट्राध्यक्ष चिडून म्हणाले, की मोर्चावर गोळ्या झाडायचा हुकूम माझाच होता. मी उठून गेले. माझ्यामागे सभापतींनी ते वाक्य वगळायला सांगितलं, ते मला कुणी कळवलंच नाही. ते वाक्य असलेल्या पानाच्या प्रती माझ्या सहीनिशी वाटल्या गेल्या.

आता त्यांच्या बाजूचे म्हणतात, वगळलेलं वाक्य म्हणजे नुसती शिवी होती. सोळा तारखेला चौकशी समिती मला विचारणार. आमचे साहेब म्हणतात, ऐकण्यात चूक झाली असं लिहून द्या आणि सुटा. यापूर्वीच्या दोन महाभियोगांत आमच्यासारख्यांचं काय झालं गं? अक्षर कोंबडीच्या पायांचं झालंय, हसू नकोस.

तुझीच,
ताई


९ तारीख

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हसले नाही. पहिल्या महाभियोगातले राष्ट्राध्यक्ष दोषी ठरून गेले. कायदा जिंकला, असं मी वर्गात सांगते. पण वर्षभरात त्यांचाच पक्ष निवडून आला आणि साक्ष देणारा टपाल कारकून तुरुंगात गेला. दुसऱ्या महाभियोगातले दोन मतांनी वाचले. त्यांनी सगळ्यांना माफ केल्याचं जाहीर केलं, आणि आठवड्यात साक्ष दिलेल्या त्यांच्या ड्रायव्हरचं घर जळालं. दोन्हींच्या परिणामांची तुलना करा, हा प्रश्न मी दरवर्षी दहा गुणांना घालते. मुलं पक्ष आणि निवडणुका लिहितात, मी पूर्ण गुण देते. कारकून आणि ड्रायव्हर या दोघांबद्दल कुणी लिहीत नाही, मीही शिकवत नाही.

ताई, चुकले म्हण. भावोजी गेल्यापासून तू एकटी राहतेस. मला जेवण जात नाही.

तुझ्या उत्तराच्या वाटेवर डोळे लावलेली,
चिमी


१४ तारीख

चि. चिमीस, आशीर्वाद.

काल साहेबांनी माझी लघुलेखनाची वही मागून घेतली. वीस वर्षांत माझ्या खुणा इतक्या आखूड झाल्यात, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही त्या लागत नाहीत. परवा ती वही माझ्यापुढे उघडतील आणि वाचायला सांगतील. तिथे शिवी आहे असं मी म्हटलं, तर कायमची शिवीच राहील.

आरशापुढे उभी राहून दोन्ही उत्तरं म्हणून पाहिली. खोटं सहज जमलं. खरं म्हणताना दोनदा पाणी प्यावं लागलं. तरी वाचणार आहे मी, जे लिहिलंय तेच. शूर झाले असं समजू नकोस.

हे पत्र फाडून टाक. पेपरात माझा फोटो आला आणि शाळेत कुणी विचारलं, तर सांग की ही बाई माझी कुणी नाही. मला वाईट वाटणार नाही, शपथ. लोकांपुढे मला नाकार, लोभ तेवढा मनात राहू दे.

तुझी,
ताई