हिला उचलणार कोण?

७ फेब्रुवारी
इतके दिवस लिहिलं नाही, वही, रागवू नकोस. मान खाली घातली की डाव्या खांद्यातून कानशिलापर्यंत कळ जाते. लिहायचं कसं!
वाटलं होतं, डोक्यातच बिघाड. आज दवाखान्यात व्यायामवाल्या बाईंनी खांद्यावर अंगठा दाबला आणि कळ थेट कानशिलात! ओरडलोच. “आजोबा, डोकं ठीक आहे. स्नायूत गाठ बसलीय.” जीव भांड्यात पडला. पण लगेच — “ओझं काय उचलता?”
“पाण्याच्या बादल्या.”
खोटं. मी हिला उचलतो. हिचे पाय गेल्यापासून पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत. ती माझ्या मानेत हात टाकून लोंबकळते. पण ते मुलाच्या कानावर गेलं तर? तो मागेच म्हणालाय, “तुम्हाला झेपेनासं झालं की आईला संस्थेत ठेवू.” तिथे फक्त बायकांनाच घेतात. मग मी कुठे?

९ फेब्रुवारी
आधी शेक, मग अंगठा. गाठ दाबून धरतात, मी श्वास सोडायचा. घरी भिंत आणि खांद्याच्या मधे चेंडू धरून रेलायचं. ही पलंगावरून हसते — “अहो, म्हशीसारखं भिंतीला काय घासताय!”

१२ फेब्रुवारी
गाठ सैल होते, हिला उचललं की परत घट्ट. बाई चक्रावल्यात. “आजोबा, बादल्या भरता की विहीर उपसता?”

१४ फेब्रुवारी
उजव्या बाजूने उचलून पाहिलं. आता उजवा खांदाही गेला.

१७ फेब्रुवारी
न्हाणीच्या दारात हात सुटला. दोघंही पडलो. लागलं नाही, पण तिला उठवता येईना. शेजारीण येईपर्यंत तसेच. ही म्हणते, “असू द्या, फरशी गार आहे, बरं वाटतंय.” मी रडलो. तिने भिंतीकडे तोंड केलं.

१८ फेब्रुवारी
बाईंना सगळं सांगून टाकलं! रागावल्या नाहीत, त्यानेच जास्त लाज वाटली. “अहो, उचलायचं नसतंच, सरकवायचं असतं. पलंग नि खुर्चीच्या मधे टाकायला गुळगुळीत फळी मिळते. मी घेऊन येते, दोघांना शिकवते.” इतकं सोपं! हिला अजून बोललो नाही. फळी हातात येऊ दे. उगाच आशा नको लावायला.

२० फेब्रुवारी
शेक घेऊन घरी आलो तर पलंग रिकामा. शेजारीण म्हणाली, “काका, मुलगा गाडी घेऊन आला होता. संस्थेत नेलं.”
दवाखान्यात फोन करून बाईंना वाट्टेल ते बोललो. चुगलखोर म्हणालो! “आजोबा, मी नाही हो —” ऐकूनच घेतलं नाही.

२१ फेब्रुवारी
बाईंनी सांगितलंच नव्हतं. शेजारणीने आज सांगितलं, हिनेच तिच्यासमोर फोन करून मुलाला बोलावलं. ही त्याला म्हणाली, “हे घरी असले तर माझा पाय निघायचा नाही. माझ्यापायी त्यांची मान मोडेल.”
मुलगा फोन घेत नाही. संस्थेचा पत्ता शेजारणीला ठाऊक नाही. अगं, उचलायचं नसतंच, सरकवायचं असतं! कुठे आहेस तेवढं कळव गं. लवकर कळव.