अहो आणि अरे

ती. आईस, नमस्कार.

पत्रास कारण तसं काही नाही, आणि थोडं आहे.

मी बरा आहे. धुलाईच्या कारखान्यात वाफ फार, म्हणून जरा खोकला येतो, एवढंच. तुझे गुडघे काय म्हणतात?

आमचा मुकादम सगळ्यांना अरे-तुरे करतो. झाडणाऱ्या मावशी तुझ्याच वयाच्या, त्यांनाही "ए म्हातारे". आम्ही माना खाली घालून चादरींच्या घड्या घालतो. परवा मावशींची बादली त्याच्या बुटावर सांडली आणि तो त्यांच्या अंगावर धावून गेला. मी इतका दमलो होतो, की जिभेवर ताबाच राहिला नाही. मावशींना म्हणालो, "अहो, तुम्ही बसा," आणि त्याला म्हणालो, "अरे, जरा हळू बोल."

नोकरी गेलीच, असं वाटलं. तेवढ्यात इस्त्रीवाले काका फिस्सकन हसले, पाठोपाठ शिवणकामाच्या ताई.

नोकरी राहिली, पण मुकादमाने मला भट्टीजवळ टाकलंय. बाबांना हे सांगू नकोस. पण जेवणाच्या सुट्टीत आता काका सरकून जागा देतात. बाक तिघांचा, बसतो चौघं, त्यामुळे मी अर्धा अधांतरी. तरी इथे आल्यापासून पहिल्यांदाच जेवण नुसतं गिळलं नाही, जेवलो.

काल मावशींनी विचारलं, "हे वळण कुणाचं रे?"

म्हटलं, "आईचं. मोठ्यांना अरे म्हटलं, की कान पिळायची."

मावशी म्हणाल्या, "मग तिला कळव, पिळलेला कान वाया गेला नाही."

तेवढंच कळवायचं होतं.

तुझा,
धाकटा