शोरूमवाल्याने किल्ली ह्यांना दिली

रविवार, संध्याकाळ. पिंप्राळा.

डोकं अजून तापलेलंच आहे. नवी गाडी बघायला गेलो, तर सेल्समनने ट्रायलची किल्ली सरळ ह्यांच्या हातात ठेवली. ह्यांना गाडी येत नाही! साक्रीला माहेरी जाताना जुनी जीप वीस वर्षं मीच चालवते. वर मलाच म्हणतो, "ताई, तुमच्यासाठी ऑटोमॅटिक बरी. क्लचचं टेन्शन नाही." मला टेन्शन आहे हे ह्याला कोणी सांगितलं? किल्ली ओढून घेतली आणि गिअरचीच गाडी भर बाजारातून फिरवून आणली.

पण ह्यांनी ती किल्ली मुकाट घेतलीच कशी? घरी आल्यावर विचारलंच. म्हणाले, "येत नाही म्हणायची लाज वाटली. ऑटोमॅटिक घे ना, मीपण शिकेन."

उद्या शोरूममध्ये जाऊन मोठ्याने सांगणार आहे, ऑटोमॅटिकच द्या, साहेबांसाठी.