पाणथळीवरची पाहुणी

५ नोव्हेंबर

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मास्तरांनी दोन महिन्यांत तुला, स्वतःच्या बायकोला, एकदाही नावाने हाक मारली नाही, नुसतं 'बाई' म्हणतात, म्हणून तू हातपाय गाळून बसली आहेस. तुझ्या रडण्याने त्यांना काही आठवणार नाही. त्यांना नदीकाठच्या पाणथळीवर घेऊन जा. तिथल्या निसर्ग शिक्षण केंद्रात शाळेच्या पोरांना पक्षी दाखवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. आपल्या जागी गेलं की माणूस ताळ्यावर येतो, तुलाही ओळखतील. आणि गमबूट घाल. त्यांच्या उभ्या नोकरीत तू तिथे एकदाही फिरकली नाहीस, आता चिखलाचे नखरे नकोत.

बोलते कडक, पण माया तीच आहे, हे तू जाणतेसच.
तुझी,
ताई

११ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. केंद्राच्या दारात पाऊल ठेवलं आणि मास्तरांची पाठ ताठ झाली. खुंटीवरची दुर्बीण काढून स्वतःच गळ्यात घातली. टेबलामागच्या मुलीला विचारलं, पाणी कितपत चढलंय. पुढे लव्हाळ्यातून फळ्यांची वाट जाते. ओल्या फळीपाशी त्यांनी माझा हात धरला. ताई, इतक्या वर्षांच्या संसारात यांनी चारचौघांत माझा हात कधी धरला नव्हता. मी सुखावले गं. वाटलं, ताई जिंकली.

टोकाच्या मचाणावरून त्यांनी खंड्या दाखवला. पाणकावळा पंख पसरून का बसतो, ते समजावलं. एक शब्द अडला नाही. मग दुर्बीण माझ्या हातात देत म्हणाले, "बाई, तुम्ही फार लक्ष देऊन ऐकता. माझ्या बायकोलाही एकदा आणायचं आहे. तिला चिखलाचा तिटकारा, पण एकदा हे पाहिलं की तीच मागे लागेल."

मी दुर्बीण डोळ्यांना लावली ती बराच वेळ काढलीच नाही. यांना वाटलं, मला खंड्या आवडला.

आशीर्वाद असू देत.
तुझी,
धाकटी

१६ नोव्हेंबर

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. पण हे पाहुणीचं सोंग पुरे. त्यांच्यासमोर बस आणि स्पष्ट सांग, मीच तुमची बायको. खरं काय ते माणसाला कळायलाच हवं. सांगायला जड जाईल, तरी सांग. पुढच्या आठवड्यात मी येते आहे. तोवर वेळेवर जेवत जा. तू आजारी पडलीस तर दोघांचं कोण करणार?

काळजी करते म्हणूनच रागावते.
तुझी,
ताई

२० नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी सांगितलं. लग्नातला फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, ही मीच. त्यांनी फोटो पाहिला, मग मला निरखलं. चिडले नाहीत. अगदी हळू विचारलं, "मग ती कुठे गेली?"

मला पुढे रेटवेना. म्हटलं, "येईल." तुझं सांगणं मोडलं, आलीस की हवं तेवढं रागाव.

तिच्याजवळ किल्ली नसते, म्हणून त्यांनी दार नुसतं लोटून ठेवायला सांगितलं. मी ठेवलं. मग त्यांच्याशेजारी खुर्ची ओढली, आणि आम्ही दोघं तिची वाट बघत बसलो.

लोभ आहे, तो उणा होऊ देऊ नकोस.
तुझी,
धाकटी