बिरोबाला सांगितलं, तुलाही सांगते

महाळुंगे,
१२ जानेवारी २०२५

ती. बायजाआत्यास समीक्षाचा मनापासून नमस्कार.

तुमच्या वाडीवर रेंज नाही, हे पत्राचं निमित्त. खरं तर फोनवर माझा धीर सुटला असता. माझ्या गळ्यात गाठ आली आहे. तपासायला दिलंय, रिपोर्ट यायचाय. शेखरला सांगितलेलं नाही. नोकरी गेल्यापासून तो खिडकीशी बसून असतो. त्याला आणखी घोर कशाला?

हिंजवडीला जाताना कॅबमध्ये डोळा लागतो आणि मी तुझ्या माळावर पोचते. धुक्यात घंटा वाजत असतात, मेंढरं दिसत नाहीत. हाक मारायला जाते, तर आवाज फुटत नाही.

तू बिरोबाशी बोलतेस तसं मला जमत नाही. माझ्यासाठी तेवढं बोल. माणसांत मात्र कुणाला सांगू नकोस.

लोभ आहेच, या भित्रीवर जरा जास्त असू दे.
तुझी समीक्षा

वाडीवरून,
१९ जानेवारी

चि. समीक्षास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचलं आन तशीच बिरोबाकडं गेले. भंडारा वाहिला, मोठ्यानं सांगितलं, पोरीच्या गळ्यात गाठ हाय, तू बघ. खाली धरणाचं पाणी धुक्यात बुडालं व्हतं. वाटलं, देव आन मी दोगंच उरलोय. तो काय बोलला न्हाई. कधीच बोलत न्हाई. पन वझं हलकं हुतंय.

मग मनात आलं, मी तरी कुटं कुनाला सांगितलंय? तुझे पिराजीमामा, आमचं मालक, इसरायला लागलेत गं. मेंढरं घेऊन डोंगराला जात्यात आन वाट सुचत न्हाई. मेंढरंच त्यांना घरला आणत्यात. परवा दारात येऊन मलाच इचारलं, बाई, ह्ये कुनाचं घर? मी हसले आन आत जाऊन रडले. देवाला रोज सांगते, मान्सात तूच पयली.

तुला सांगून लई बरं वाटलं. म्हनून म्हनते, नवऱ्याच्या कानावर घाल. त्यो बी एकलाच बसलाय.

जिवाला जप.
बायजाआत्या

महाळुंगे,
२० फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी शेखरला सगळं सांगितलं. आधी चिडला, एकटी का कुढलीस म्हणून. मग म्हणाला, त्याला वाटत होतं आपण आता कुणाच्या उपयोगाचे नाही. आम्ही गॅलरीत हात जोडून उभे राहिलो. काय मागायचं सुचेना. भीती वाटते, एवढंच मी मोठ्यानं म्हटलं.

रिपोर्ट वाईट निघाला, पण वेळेत कळलं. गाठ काढली, कुठे पसरलेलं नाही. आवाज अजून बसलाय. रांधणं शेखरकडे आहे. आमटी खारट होते, आणि तक्रार करायला मला आवाज नाही!

मामांचं त्याला सांगितलंय, रागावू नकोस. पुढच्या रविवारी तो तुम्हाला पुण्याच्या डॉक्टरांकडे न्यायला येतोय.

माया अशीच राहू दे.
समीक्षा

वाडीवरून,
९ मार्च

चि. समीक्षास आन शेखररावांना आशीर्वाद.

शेखररावांनी मामांचा हात धरून दवाखान्यात नेलं, लेकावानी. डाक्टर म्हनले, पुरतं बरं हुनार न्हाई, गोळ्या चालू ठेवा. आता वाडीत समद्यांना म्हाईत हाय. डोंगराला कुनी ना कुनी त्यांच्यासंगं जातं.

तुझ्या गाठीचं मामांना सांगितलं. डोळं भरलं, बिरोबाकडं तोंड करून हात जोडलं. तुझं आपरेशन झालं, पोरगी बरी हाय, ह्येबी सांगितलं. पन बरी हाय त्ये ध्यानात राहत न्हाई, गाठ तेवढी राहती. रोज सकाळी उठून नव्यानं तुझ्यासाठी हात जोडत्यात.

पयलं मी सांगत बसायची. आता न्हाई सांगत. जोडू दे.

तुझी आत्या